नदीतला धातू शोधायचा तर आधी गाळ घ्या

शिसं, कॅडमियम, निकेल, पारा यांना वास नसतो. नदीत ते ज्या प्रमाणात असतात तेवढ्यात त्यांचा रंगही दिसत नाही. आमच्या इंदूरच्या खान नदीला येणारा वास मैल्याचा आहे. तो कमी झाला, पाणी थोडं निवळलं, की नदी सुधारली असं आपण म्हणतो. मैला कुजतो, जिवाणू त्याला खातात आणि तो संपतो. धातू कुजत नाही, तो फक्त जागा बदलतो. पाण्यातून गाळात, गाळातून शेतात, शेतातून पालकाच्या जुडीत. तो आज कुठे बसला आहे हे शोधणं साध्या नागरिकाला जमण्यासारखं आहे, आणि ते कसं करायचं ते इथे लिहिते आहे.

मी इंदूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत होते. आता निवृत्त आहे, रामबागेत राहते. आमच्याकडची कॉलेजातली मुलं, कधी एखाद्या कॉलनीचे अध्यक्ष, पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नदीचं पाणी भरून आणतात. "काकू, यात शिसं आहे का तेवढं बघून द्या." त्यांची कळकळ खरी असते, पण त्या बाटलीतून उत्तर मिळत नाही. पाण्याचा नमुना त्या घटकेपुरता असतो. सकाळी कुणी टाकी नाल्यात रिकामी केली आणि तुम्ही संध्याकाळी बाटली भरली, तर ते पाणी केव्हाच सांवेरच्या वाटेला लागलेलं असतं. शिवाय शिसं आणि क्रोमियम बरेचदा विरघळलेले नसतातच, मातीच्या बारीक कणांना चिकटून असतात. माळव्याचं पाणी काळ्या पाषाणातून आलेलं, जड आणि किंचित अल्कधर्मी. अशा पाण्यात धातू लवकर तळाशी जातात. म्हणून पाणी एका घटकेचं सांगतं आणि गाळ कित्येक महिन्यांचं. हातात पैसे थोडे असतील तर ते गाळावर खर्च करा.

हा धातू येतो कुठून? मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी गल्ल्या आठवा. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या छोट्या शेडमधून क्रोमियम, निकेल, जस्त, तांबं. बॅटरी आणि रेडिएटर दुरुस्तीतून शिसं. केडीएम दागिन्यांच्या डाकात, म्हणजे सोनं जोडायच्या मिश्रधातूत, कॅडमियम असतं. दातांत भरायच्या जुन्या चांदीत पारा. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यात टायरचं जस्त आणि ब्रेकच्या पॅडचं तांबं. घरातल्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातूनही जस्त सुटतं. हे सगळं गटारात एकत्र होतं आणि मैल्याबरोबर शुद्धीकरण केंद्रात पोचतं. २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत न सोडणारं शहर, म्हणून मान मिळाला, आणि त्याचा मला इंदूरकर म्हणून अभिमान आहे. पण शहरातल्या कबीटखेडीसारखं शुद्धीकरण केंद्र बांधलेलं असतं ते मैला, तरंगते कण आणि जिवाणू कमी करण्यासाठी. तिथे धातू नष्ट होत नाही. त्यातला बराचसा भाग केंद्राच्या गाळात उतरतो, उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. म्हणून केंद्राचा बीओडीचा, म्हणजे पाण्यात कुजणारी घाण किती उरली याचा, आकडा कितीही चांगला आला तरी त्यावरून धातूबद्दल काही कळत नाही.

आणि नळाला नर्मदा येते म्हणून खान आपली नाही, असं कृपा करून मानू नका. शहरातच सरस्वती तिला मिळते, मग ती उत्तरेला सांवेरकडे जाते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेत उतरते. २०२८ च्या सिंहस्थात लाखो लोक त्या क्षिप्रेत डुबकी घेतील.

जागा ठरवताना नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या दक्षिणेला, वस्ती आणि शेड सुरू होण्याआधीची एक जागा घ्याच. ही तुलनेची जागा. ती नसेल तर बाकीच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही, आणि माळव्यात तर अजिबात नाही. आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली आहे. त्या दगडात लोह, तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. बाहेरच्या पुस्तकातली सरासरी घेऊन इथलं निकेल मोजलं तर स्वच्छ ओढाही दोषी ठरेल. तुलनेच्या जागेनंतर शहराच्या मध्यावर कृष्णपुऱ्याच्या पुढे एक, कबीटखेडीच्या खाली एक, सांवेर रोड औद्योगिक क्षेत्राकडचे नाले मिळाल्यावर एक, आणि जमलं तर सांवेरजवळ एक. नाला मिळतो तिथे अगदी तोंडाशी गाळ घेऊ नका. थोडं खाली, जिथे प्रवाह मंदावतो आणि बारीक गाळ बसतो, तिथे घ्या.

वेळ उन्हाळ्याच्या शेवटची, पावसाच्या आधीची चांगली. तेव्हा नदीत बहुतेक सांडपाणीच असतं आणि वर्षभराचा गाळ तळाशी असतो. जूनमध्ये पहिले जोरदार पाऊस पडले की तो हलतो. दुसरी फेरी पाऊस संपून नदी स्थिर झाल्यावर करा. गणपती विसर्जनानंतर लगेच घाटाजवळ नमुना घेऊ नका. रासायनिक रंगांत शिसं, क्रोमियम, कॅडमियम असू शकतं आणि मग आकडा सांडपाण्याचा की मूर्तींचा हे सांगता येत नाही. विसर्जनाचाच परिणाम बघायचा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी आणि नंतर असे दोन्ही घ्या.

आता सामान. धातू शोधायला धातूची वस्तू न्यायची नाही. स्टीलच्या पळीतून क्रोमियम आणि निकेल येतं, पत्र्याच्या बादलीतून जस्त. प्लास्टिकचा चमचा किंवा खुरपं, प्लास्टिकचा टब, झिपवाल्या जाड पॉलिथिनच्या पिशव्या, पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. अंगठ्या आणि बांगड्या घरी ठेवा. कुंकू, टाल्कम पावडर, सनस्क्रीन लावलेला हात नमुन्याला लागू देऊ नका. काही सिंदुरात शिसं सापडतं आणि सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं. नमुना घेताना जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना बाजूला जायला सांगा, तंबाखूच्या राखेत कॅडमियम असतं.

गाळ घेताना वरचा सुमारे पाच सेंटिमीटरचा थर पुरे. खोल खणलं की जुना काळ मिसळतो. एका जागी आसपासच्या चार-पाच ठिकाणचा थोडा थोडा गाळ टबात घ्या, काड्या, प्लास्टिक, खडे काढा, नीट कालवा आणि त्यातला सुमारे अर्धा किलो पिशवीत भरा. वाळू नको. धातू बारीक कणांवर बसतो, वाळूवर फारसा नाही. एका जागी वाळू आणि दुसऱ्या जागी चिकणमाती घेतली तर तुम्ही प्रदूषणाऐवजी कणांचा आकार मोजाल. म्हणून प्रयोगशाळेला सांगायचं की ६३ मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून गेलेला भागच तपासा. पिशवीत हवा राहू देऊ नका, तिच्यावर दुसरी पिशवी चढवा आणि दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मार्करची शाई ओलीत पुसते. जागा, तारीख, वेळ, आदल्या दोन दिवसांत पाऊस होता का, गाळाचा रंग आणि वास, एवढं वहीत टिपा आणि मोबाइलवर लोकेशनसह फोटो काढा. पिशव्या बर्फाच्या डब्यातून न्या. एका जागेचा नमुना दोनदा घ्या आणि प्रयोगशाळेला वेगवेगळ्या क्रमांकाने द्या. दोन्ही आकडे जवळपास आले तर बाकीच्यांवर भरवसा ठेवता येतो.

पुलावरून दोरीला प्लास्टिकची बादली बांधून पाणी घेता येतं, पण गाळासाठी काठावर उतरावं लागतं. एकट्याने जाऊ नका. आपल्या नदीचा काठ मऊ आहे, पाय आत जातो, आणि ते पाणी मैल्याचं आहे. जखम असेल तर त्या दिवशी जाऊच नका. मुलांना मी हे दर वेळी बजावते, कारण उत्साहाच्या भरात सगळ्यात आधी हातमोजे विसरले जातात.

पाणीही घ्यायचं असेल तर बाटली एचडीपीई प्लास्टिकची, दहा टक्के नायट्रिक आम्लाने धुतलेली आणि डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याने खळबळलेली हवी. बॅटरीसाठी दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर या कामाला चालत नाही. घेतलेल्या पाण्यात लगेच आम्ल घालावं लागतं, एक लिटरला साधारण दोन मिलिलिटर संहत नायट्रिक, म्हणजे पीएच दोनच्या खाली जातो. नाही घातलं तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. बाटलीतलं पाणी घेऊन येणाऱ्या मुलांना मी नाही म्हणते त्याचं हेही एक कारण. हे आम्ल घरात ठेवण्याची वस्तू नाही. चांगली प्रयोगशाळा आधीच आम्ल घातलेल्या बाटल्या देते, त्याच मागा. अशी बाटली नदीच्या पाण्याने विसळायची नाही आणि काठोकाठ भरायची नाही. सहा-संयुजी क्रोमियमसाठी मात्र आम्ल नसलेली वेगळी बाटली लागते, ती थंड ठेवायची आणि चोवीस तासांच्या आत तपासायला द्यायची. हा प्रकार एकूण क्रोमियमपेक्षा फार घातक आहे, प्लेटिंगच्या पाण्यात तोच असतो, आणि न सांगितल्यास प्रयोगशाळा फक्त एकूण क्रोमियम करून देते. एक बाटली डीआयोनाइज्ड पाण्याची भरून नदीवर न्या, तिथे उघडा, बंद करा आणि बाकीच्यांबरोबर द्या. तिच्यात धातू निघाला तर तो तुमच्या हाताळणीतून आलेला आहे.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त हवी, पण तेवढ्याने भागत नाही. तिच्या मान्यतेच्या यादीत 'गाळ किंवा माती' आणि तुम्हाला हवे ते धातू आहेत का ते बघा. काहींची मान्यता फक्त पिण्याच्या पाण्यापुरती असते. पैसे देण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. धातू मोजायच्या कुठल्या यंत्रावर करणार, एएएस की आयसीपी? प्रत्येक धातूची कमीत कमी किती मात्रा मोजू शकता? आणि आकडा कोरड्या वजनावर देणार ना? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अहवालात 'बीडीएल' लिहून येतं, म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. यंत्राची मर्यादाच ०.०५ असेल तर त्या 'बीडीएल'ने काहीच सिद्ध होत नाही, आणि तरी लोक तो कागद पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. गाळाच्या यादीत शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त यांच्याबरोबर लोह नक्की घाला. पारा हवा असेल तर वेगळा सांगा, कारण तो उडून जातो आणि गाळ ४० अंशांच्या आतच वाळवावा लागतो.

लोह कशासाठी, ते आता सांगते. ते मातीचं माप म्हणून धरायचं. समजा वरच्या जागी शिसं किलोला २० मिलिग्रॅम आणि लोह ८ टक्के निघालं, खालच्या जागी शिसं ९० आणि लोह ६ टक्के. शिशाला लोहाने भागा. वर २.५, खाली १५. म्हणजे मातीच्या मानाने खाली शिसं सहापट आहे, आणि ते माणसाने आणलेलं आहे. आता निकेल बघा. समजा वर ७० आणि खाली ५८. लोहाने भागल्यावर वर ८.७५ आणि खाली सुमारे ९.७. फरक किरकोळ, म्हणजे हे निकेल आपल्या बेसॉल्टचं. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्याच्या गाळासाठी एक तक्ता वापरतात. त्यात निकेल किलोला ४८.६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की जलचरांना त्रास होण्याची शक्यता जास्त धरतात, शिशासाठी तोच आकडा १२८ आणि कॅडमियमसाठी ४.९८. नुसता तो तक्ता पाहिला तर आपण वरच्या स्वच्छ जागीही निकेलवर ओरडू आणि खालच्या ९० च्या शिशाला सोडून देऊ. हा भागाकार दहावीतल्या मुलीला येतो. तो करून मगच बोला, कारण एकदा चुकीचा धातू धरून आरडाओरडा केला की पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही कुणी बघत नाही.

पाण्याच्या आकड्यांशी तुलना करताना कुठली मर्यादा कशाची आहे ते वेगळं ठेवा. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी लिटरला शिसं ०.१, एकूण क्रोमियम २, सहा-संयुजी क्रोमियम ०.१, निकेल ३ आणि कॅडमियम २ मिलिग्रॅम अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा आहे ०.००३. पहिली मर्यादा पाइपच्या तोंडाची आहे. नदीतलं पाणी तिच्याखाली आहे म्हणून ते शेताला, गुरांना ठीक आहे, असा अर्थ कुणी लावला तर थांबवा. आणि अहवालात मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम, ते दोनदा वाचा. एका अक्षराने हजारपट फरक पडतो.

भाजीबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, विशेषतः घरातल्या बायका, आणि ते बरोबरच आहे. पालक, मेथी, कोथिंबीर यांत कॅडमियम मुळातून पानापर्यंत सहज चढतं. शिसं बहुतेक मुळाशी अडकतं, पानावर असतं ते धूळ आणि चिखलाचं. म्हणून वाहत्या पाण्यात नीट धुतल्याने शिसं कमी होतं, कॅडमियम होत नाही, आणि मीठ-हळदीच्या पाण्यात भिजवूनही होत नाही. भाजी तपासायची असेल तर घरी धुतो तशी धुवा, खातो तोच भाग द्या, आणि आकडा ओल्या वजनावर मागा. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कोरड्या वजनावरचा आकडा दहापट मोठा दिसतो. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय, मानकात पालेभाजीसाठी शिसं किलोला ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आहे, तेही ओल्या वजनावर. एवढंच की नदीकाठी भाजी पिकवणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. त्याच्या शेतात धातू आपल्या शहरातून गेला आहे. त्याला अहवाल आधी दाखवा, नंतर बाकीच्यांना.

एक गोष्ट मात्र त्याला आवर्जून सांगा. नदीतून काढलेला काळा गाळ खत म्हणून शेतात टाकू नये. तळाशी, हवा नसताना, धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो गाळ उन्हात पसरला की गंधक हवेने बदलतं आणि धातू मोकळे होतात. शुद्धीकरण केंद्राच्या गाळालाही हीच काळजी. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात कोरड्या वजनावर किलोला शिसं १००, कॅडमियम ५, निकेल ५०, पारा ०.१५ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. गाळ कुणी फुकट देत असेल तर आधी या धातूंचा अहवाल मागा.

अहवाल हातात आल्यावर तो कुठे न्यायचा? तुम्ही घेतलेला नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घेतलेला नमुनाच तिथे चालतो. तुमच्या अहवालाचा उपयोग त्यांना तो घ्यायला लावण्यासाठी. म्हणून मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूरच्या कार्यालयाला पत्र लिहा. त्यात जागांचे अक्षांश-रेखांश, दोन्ही जागांचे आकडे, लोहाने भागून आलेलं गुणोत्तर आणि एकच मागणी लिहा: या दोन जागांमध्ये मिळणाऱ्या नाल्यांतून कलम २१ प्रमाणे नमुने घ्यावेत. कुणाचं नाव घेऊन आरोप करू नका, तुमच्याकडे फक्त नदीचा आकडा आहे. पत्राची पोच घ्या. सीएम हेल्पलाइन १८१ वर तीच तक्रार नोंदवून क्रमांक जपा. माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या भागातल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे धातूंचे मासिक अहवाल आणि शहराच्या शुद्धीकरण केंद्रांचा गाळ कुठे जातो याची नोंद मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील करा. हरित न्यायाधिकरणाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला आहे, पण तिथे जायच्या आधी हे सगळे कागद हातात असावेत.

उरलेला गाळ फेकू नका. सावलीत कागदावर वाळवा, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, जागा आणि तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. पाऱ्याचा अपवाद सोडला तर वाळलेल्या गाळातले एकूण धातू वर्षानुवर्षं तसेच राहतात. उद्या कुणी तुमच्या आकड्यावर शंका घेतली तर त्याच बाटलीतला चमचाभर गाळ दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल, आणि पावसानंतरच्या फेरीचे नमुने त्याच यंत्रावर, याच्याबरोबरच लावून बघता येतील.